पंख रुंद, पंख अरुंद

फूल खिशात घालून जिने चढायचे नसतात, हे परिशिष्टकाकांना निवृत्त झाल्यावर कळलं. खिशात टाकताना ते चांगलं फूल होतं. बारीक, निळं, सहा पाकळ्यांचं, मधोमध पिवळा ठिपका. वर येऊन त्यांनी ते काकूंच्या पांघरुणावर ठेवलं, तेव्हा तिथे एक ओलसर सुरळी पडली होती.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"तू विचारलंस ते फूल."

"मी फूल विचारलं होतं. हे कोणीतरी चघळून टाकल्यासारखं दिसतंय."

एरवी काकांना राग आला असता. पण ते काकूंकडे नुसते बघत राहिले. हॉस्पिटलमधून घरी आणल्यापासून काकू एवढं लांब वाक्य बोललेल्या नव्हत्या. "हं", "नको" आणि "पडदा ओढा", एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. हॉस्पिटलवाल्यांनी गोळ्यांची एक पिशवी दिली होती आणि "आता घरीच सांभाळा" असं म्हणून लिफ्टपर्यंत सोडायला आले होते. हॉस्पिटलवाले लिफ्टपर्यंत सोडायला आले की माणसाने काय ते समजावं. कोपऱ्यावरचे डॉक्टर मात्र स्पष्ट बोलले. "औषधं करतील तेवढं करतील. पण त्यांना कशात तरी रस वाटायला हवा. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या, तर माझ्या गोळ्या काय करणार?"

आणि काकू भिंतीकडेच तोंड करून पडल्या होत्या. पेपर नको, रेडिओ नको. त्यांची धाकटी बहीण घर सांभाळायला येऊन राहिली होती. तिने आणलेल्या नातेवाइकांच्या बातम्याही नकोत, आणि त्यात दोन घटस्फोट होते! मग त्या दिवशी सकाळी मेहुणीने केर काढायला पलंग फिरवला. भिंतीच्या जागी खिडकी आली. काकूंनी खाली बघितलं. बिल्डिंगच्या मागच्या गवताच्या पट्ट्यात काहीतरी निळं दिसत होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ती निळी फुलं कसली?"

एवढंच. पण काका असे उठले, की जणू मंत्रालयातून फोन आला.

आता सांगायला हवं, की काका जकात खात्यात वर्गीकरणाचं काम करायचे. बंदरात उतरलेला माल कुठल्या सदरात बसतो, हे ते ठरवायचे. रबरी बदक हे खेळणं की रबरी वस्तू, या प्रश्नावर त्यांनी लिहिलेला अभिप्राय खात्यात अजून दाखवतात म्हणे. त्यांच्या प्रत्येक अभिप्रायाला परिशिष्ट असायचं, आणि परिशिष्टाला जोडपत्र. बिल्डिंगमध्ये नाव पडलं ते त्यामुळे. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरही त्यांनी परिशिष्ट जोडलं होतं. अशा माणसाला एका बोटभर फुलाचं नाव सांगायला किती वेळ लागावा? "संध्याकाळपर्यंत सांगतो," असं ते काकूंना म्हणाले. त्या संध्याकाळची ही गोष्ट आहे. ती फार लांबली.

दुपारी ते पुन्हा खाली गेले, तर पट्ट्यात एकही फूल नव्हतं. नुसतं गवत. ते वाकून शोधू लागले, तेव्हा पहिल्या मजल्यावरचे इन्शुरन्सवाले बाल्कनीतून म्हणाले, "काय हरवलं?"

"फूल."

"सकाळी होती की. ऊन गेलं की मिटतात ती. आमच्या ऑफिससारखं आहे, दुपारनंतर कोणी भेटत नाही." आणि ते खाली आले. इन्शुरन्सवाल्यांना कोणी अडचणीत दिसलं की राहवत नाही. त्यांच्या फोनमध्ये झाडाचा फोटो काढला की नाव सांगणारं ॲप होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो काढला. ॲप म्हणालं, कांदा. काकांनी पान अंगठ्याने वर धरलं आणि पुन्हा काढायला लावला. ॲप म्हणालं, खाण्यायोग्य अळंबी.

"हा अंगठा आहे," काका म्हणाले.

"पण खाण्यायोग्य म्हणतंय. मान आहे तुमचा."

तळमजल्यावरच्या मांजरवाल्या बाई दारातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "हात लावू नका हो. विषारी असतं ते. आमचा बोका गेला ना."

"हे खाऊन गेला?"

"नाही, तो रिक्षाखाली गेला. पण त्याच्या आदल्या दिवशी तो इथेच हुंगत होता."

हे सगळं काकांनी संध्याकाळी काकूंना सांगितलं. सांगायचं काही ठरवलं नव्हतं. नाव मिळालं नाही याचं स्पष्टीकरण द्यायला म्हणून ते खुर्ची ओढून बसले, आणि वरिष्ठांपुढे बसल्यासारखे क्रमाने सगळं सांगत गेले. काकू ऐकत होत्या. मेहुणी शेजारी वाटी-चमचा घेऊन बसली होती. तिने एक चमचा पुढे केला, काकूंनी तोंड उघडलं. बोक्यापर्यंत येता येता वाटी संपली.

"भाऊजी," मेहुणी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "उद्यापण काहीतरी सांगा. काल ताईने दोन चमच्यांवर तोंड फिरवलं होतं."

"सांगायला काहीतरी घडायला हवं ना."

"मग घडवा. एवढी वर्षं सरकारी नोकरी केलीत, तुम्हाला कोणी शिकवायला हवं का?"

घडवायची गरज पडली नाही. काका लायब्ररीत गेले आणि रानफुलांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्यात एवढं कळलं, की हे आयरिसच्या कुळातलं एक छोटं रानफूल आहे, त्याच्या गणाला सिसिरिंकियम म्हणतात, आणि सामान्य लोक त्याला 'निळ्या डोळ्यांचं गवत' म्हणतात. काका संतापले. ते गवत नव्हतं. आणि त्याचा डोळा निळा नव्हता, पिवळा होता. "एका नावात दोन चुका! आमच्याकडे असं सदर कोणी लिहिलं असतं तर त्याची बदली झाली असती."

"नाव मिळालं ना मग?" काकूंनी विचारलं. आणि त्यांची नजर खिडकीवरून सुटून भिंतीकडे जाऊ लागली, ते काकांनी बघितलं.

"छे! हे गणाचं झालं," ते घाईने म्हणाले. "म्हणजे नुसतं आडनाव. घरात माणसं किती! यातलं आपलं कुठलं, ते ठरायचंय."

काकूंची नजर परत आली.

जात ठरवायला पुस्तकात एक किल्ली होती. किल्ली म्हणजे दर पायरीला दोन वाक्यं. आपल्या झाडाला लागू पडेल ते वाक्य धरायचं आणि ते सांगेल त्या पायरीवर जायचं. काकांना वाटलं, आपल्याच खात्यातल्या कोणीतरी लिहिलंय. पहिली पायरी: खोडाला पंख रुंद, किंवा खोडाला पंख अरुंद. हे पंख उडायचे नव्हेत. या झाडाचं खोड चपटं असतं आणि त्याच्या दोन्ही कडांना पातळ पट्टी असते, तिला पंख म्हणायचं. इथपर्यंत ठीक. पण रुंद म्हणजे किती?

"रुंद म्हणजे किती, ते लिहिलेलंच नाही!" काका खोलीत येरझाऱ्या घालत होते. "कशाहून रुंद? कोणाच्या मते?"

"तुमच्या मते सांगा," काकू म्हणाल्या.

"माझ्या मताला काय विचारतेस? मला मत नव्हतंच कधी. मला तक्ता लागतो."

त्यांनी एकदा रुंद धरलं आणि किल्लीने त्यांना छातीइतक्या उंच, दलदलीत वाढणाऱ्या झाडापाशी नेऊन सोडलं. मग अरुंद धरलं, तर पुस्तक म्हणालं, खोडाला फांदी आहे का? फुलाखालची आवरणं बुडाशी जुळलेली आहेत का? पान वाळल्यावर हिरवं राहतं की काळं पडतं? फळ पिकल्यावर फिकट की गडद? फळ! अजून फुलाचा पत्ता नव्हता. कारण तोवर आभाळ भरून आलं होतं, आणि ऊन नसलं की ही फुलं उघडतच नाहीत. तीन-चार दिवस खाली फुलं मिटलेली आणि वर काकू मिटलेल्या. त्या दिवसांत काकांनी पुष्कळ बडबड केली. काही उपयोग झाला नाही. एका दुपारी काकूंनी "पडदा ओढा" म्हटलं. काकांनी तो ओढला नाही, ओढल्यासारखं केलं.

ऊन पडलं त्या सकाळी काका चप्पल न घालता खाली धावले. तिथे सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते, आणि त्यांच्यापुढे गवत कापायचं मशीन घुर्र करत चाललं होतं. अर्ध्याहून जास्त पट्टा भुईसपाट झाला होता.

"थांबा!" काका मशीनच्या आडवे आले. "इथे वर्गीकरण चालू आहे!"

"काका, सभेत ठराव झालाय. गवत घोट्याच्या वर नको."

"हे गवत नाही! आयरिसचं कुळ आहे!"

"कुळ असेल तर मग ताबा सोडणार नाही," इन्शुरन्सवाले बाल्कनीतून म्हणाले. काकांची त्या वेळी विनोद ऐकून घेण्यासारखी परिस्थिती नव्हती. पायजमा, अनवाणी पाय आणि अंगावर काकूंची लोकरी शाल, अशा वेशात ते पावसाच्या पाइपजवळ उरलेल्या मूठभर झुडपांसमोर हात पसरून उभे होते, आणि सगळ्या मजल्यांवरून माणसं बघत होती. ज्या माणसाच्या अभिप्रायावर जहाजं अडून राहायची, त्याची ही अवस्था. शेवटी सेक्रेटरींनी वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उशीवर टेकलेला काकूंचा चेहरा होता. सेक्रेटरींनी मशीन बंद केलं. "पाइपजवळचं राहू दे," ते म्हणाले, आणि आपण दया दाखवली हे कोणाला कळू नये म्हणून दुपारी काकांच्या नावाने एक कडक नोटीस काढली.

काकांनी उरलेल्या झुडपांवर कपड्यांची टोपली पालथी घातली आणि वर पाटी लावली: 'अभ्यास चालू आहे'. कोणाच्या तरी कुत्र्याने ती पाटी सविस्तर वाचली आणि पाय वर करून अभिप्राय दिला.

आता तज्ज्ञाला दाखवायचं, असं ठरलं. शहरात वनस्पती संग्रहालय होतं, त्यात ओळख कक्ष होता. तो दुपारी उघडायचा. म्हणजे फुलं मिटली की तज्ज्ञ उघडणार. तेव्हा फूल दाबून, वाळवूनच न्यायला हवं. काकांनी मुळासकट दोन रोपं काढली, वर्तमानपत्रात पसरली आणि वजन हवं म्हणून काकूंच्या गादीखाली सरकवली.

"अहो, माझ्या पाठीखाली काय कुरकुरतंय?"

"आयरिसचं कुळ. हलू नकोस."

"एवढे दिवस हालचाल करा, हालचाल करा म्हणून जीव खाल्लात माझा."

रोपं वाळली. निळं फूल चहाच्या रंगाचं झालं. ते घेऊन काका दोन बस बदलून संग्रहालयात गेले, तर दारावरच्या रखवालदाराने अडवलं.

"पिशवीत काय आहे?"

"वनस्पती. ओळखायला आणलीय."

"वनस्पती आत न्यायला बंदी आहे."

"हे वनस्पती संग्रहालय आहे ना?"

"म्हणूनच. बाहेरच्या वनस्पतीतून किडे येतात आणि आतल्या वनस्पती खातात. आधी आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवायची, म्हणजे किडे मरतात. मग आणायची."

"तुमच्याकडे फ्रीजर आहे?"

"आहे की."

"मग ठेवून घ्या."

"तो आत आहे," रखवालदार म्हणाला.

काकांना त्याच्याविषयी खोल आदर वाटला. हा माणूस आपल्या खात्यात असता, तर फार वर गेला असता. ते मुकाट्याने परत फिरले. रोपं घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली, आणि सगळं काकूंना सांगितलं. "तो आत आहे" हे वाक्य काकूंनी दोनदा म्हणायला लावलं.

त्यानंतर जे झालं, त्याला कोणी जबाबदार नाही असं मेहुणीचं म्हणणं आहे. फ्रीजरमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाला दिसला. सूप करायचं होतं. तिने तो धुतला, चिरला आणि सुपात टाकला. काकूंना त्या दिवशी नुसता दूध-ब्रेड दिला होता म्हणून बरं. मेहुणी आणि काका मात्र एकेक वाटी प्यायले. काका तर "आज चव आहे" असंही म्हणाले. मग ते फ्रीजर उघडायला गेले.

ओरडा ऐकून आधी इन्शुरन्सवाले आले, मागून मांजरवाल्या बाई. "मी सांगितलं होतं!" बाई म्हणाल्या. "आमचा बोका!" मेहुणी पोट धरून जमिनीवर बसली. इन्शुरन्सवाल्यांनी काकांचा हात हातात घेतला आणि जड आवाजात विचारलं, हप्ते वेळेवर भरलेत ना? डॉक्टर धापा टाकत जिना चढून आले.

"काय खाल्लंत? कुठली वनस्पती?"

"तेच तर आम्हाला कळत नाहीये!" काका म्हणाले.

"अहो, नाव कळल्याशिवाय औषध काय देऊ?"

"नाव कळायला ती फ्रीजरमध्ये ठेवली होती."

"मग आता कुठाय?"

काकांनी पोटावर हात ठेवला.

आतल्या खोलीतून विचित्र आवाज आला. सगळे तिकडे धावले. काकू उशीवर मागे पडल्या होत्या, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टरांनी नाडी धरली आणि क्षणभराने सोडून दिली. काकू हसत होत्या. हसता हसता ठसका लागला, ठसक्यानंतर बराच वेळ दम लागला, चेहरा पांढरा पडला, आणि मेहुणी पोटदुखी विसरून पाठ चोळत बसली. सूप प्यायलेल्या दोघांना काही झालं नाही. रात्री काकूंना मात्र ताप भरला.

जिन्यात डॉक्टर काकांना म्हणाले, "हसल्या हे चांगलं झालं."

"आणि ताप?"

"तो येणारच होता," डॉक्टर म्हणाले. मग रेलिंग तपासत खाली उतरले.

तापातून काकू आठवड्याने बाहेर आल्या. आणखी बारीक होऊन. डोळे उघडून पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "दुसरं रोप गोठवलंत ना?"

पाइपजवळचं आणखी एक रोप वाळवून गोठवलं होतं. या वेळी वर 'खाऊ नये' अशी चिठ्ठी होती. ते घेऊन काका संग्रहालयात गेले आणि रखवालदाराने त्यांना सलाम करून आत सोडलं.

ओळख कक्षात दोन टेबलं होती आणि मधे उंच कपाट. एका बाजूला एक सर, दुसऱ्या बाजूला एक बाई. दोघांचीही हयात सिसिरिंकियममध्ये गेली होती, आणि ते एकमेकांशी बोलत नसत. कारण सरांचं मत होतं, की जगातल्या या सगळ्या जाती म्हणजे मुळात चार-दोनच आहेत, लोकांनी उगाच तोडून ठेवल्यात. बाईंचं मत होतं, की आहेत त्यांच्याही अजून फोडी व्हायला हव्यात. सर जोडायचे, बाई तोडायच्या. बाहेर बाकावर बसलेल्या काकांना शिपायाने हे सगळं सांगितलं. "एका फुलावर चौदा वर्षं भांडतायत, साहेब. निकाल नाही."

चौदा वर्षं! काकांना बाकावर बसल्या बसल्या फार बरं वाटलं. चौदा वर्षांचं आपण काय काय सांगू शकू, याचा ते हिशेब करू लागले.

आत बोलावणं आलं. बाईंनी रोप भिंगाखाली धरलं आणि ते कपाटाच्या बाजूने सरकवलं. सरांनी एकदा बघितलं.

"नेहमीचंच," सर म्हणाले.

"नेहमीचंच," बाई म्हणाल्या.

दोघं दचकले. कपाटाच्या कडेवरून त्यांनी एकमेकांकडे बघितलं. शिपाई दारात थबकला.

"पण पंख?" काका म्हणाले. "रुंद आहेत की अरुंद, त्यावर तुमचा वाद असेल ना?"

"असतो. या जातीत नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्यात सामान्य जात आहे ही. तयार हिरवळीच्या गठ्ठ्यातून येते. कुठेही उगवते." आणि त्यांनी नाव सांगितलं. दोन शब्दांचं, छोटंसं.

"फळ न बघता कसं सांगता? पिकल्यावर गडद निघालं तर?"

"फळ कशाला हवं? पानावरून कळतं," सर म्हणाले.

"थोडीसुद्धा शंका नाही? सर, तुम्ही तरी. इतकी वर्षं..."

"कसली शंका? या बाबतीत मी बाईंशी सहमत आहे." हे म्हणताना सरांचा आवाज जरा हलला. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग कधी नव्हे ते प्रसन्न होऊन त्यांनी संग्रहालयाचं छापील पत्र पुढे ओढलं. "लिहून देते. सहीशिक्क्यानिशी."

काकांनी आयुष्यात कुठल्याही खिडकीवरून लिहून घेतल्याशिवाय पाय हलवला नव्हता. भाजीवाल्याकडूनसुद्धा पावती मागणारा माणूस. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "नको. लिहून नका देऊ."

"अहो, पण एवढ्या लांबून आलात..."

"माझं काही नाही हो. मी सवड होती म्हणून आलो होतो," असं काहीतरी बोलून ते बाहेर पडले. घरी जायची बस आली, ती त्यांनी सोडली. पुढची पण सोडली.

घरी पोचले तेव्हा खिडकीतलं ऊन जात आलं होतं. मेहुणी वाटी घेऊन तयार होती. काकूंची मान उशीवरून उचलली गेली नाही, पण डोळे दारावर होते.

"काय म्हणाले?"

काका खुर्ची ओढून बसले. पायातले बूट काढायला त्यांनी नको तेवढा वेळ लावला.

"दोघंजण आहेत तिथे," ते म्हणाले. "कपाटाच्या दोन बाजूंना. प्रचंड भांडले."

"आपल्या फुलावरून?"

"आपल्याच. सर म्हणाले, एक. बाई म्हणाल्या, दुसरंच. शिपायाला मधे पडावं लागलं." काकांनी कधी एका ओळीचा खोटा शेरा लिहिला नव्हता, त्यांना वाटलं होतं, जीभ अडेल. ती अडली नाही. "शेवटी ठरलं, की फळ पिकेपर्यंत काही सांगता येणार नाही."

मेहुणीने चमचा पुढे केला. काकूंनी तो घेतला. "आणि फळ कधी पिकतं?"

"ते उन्हाळा संपता संपता."

"मग सांगतील?"

"फळ फिकट निघालं तर सांगतील. गडद निघालं तर बी पेरून बघायला हवं, म्हणतात. मग ते उगवणार, त्याला फूल येणार. पहिल्या वर्षी येत नाही म्हणे फूल, दुसऱ्या वर्षी येतं. त्याचे पंख मोजायचे." काका आता थांबू शकत नव्हते. "त्यावरही सरांची हरकत आलीच, तर बाहेरच्या कोणालातरी बोलावतील. तो येणार, त्याची राहायची सोय..."

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. खूप वेळ. काकांनी बुटाची नाडी पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मेहुणी चमचा हवेत धरून थांबली होती. मग काकूंनी पांघरुणातून हात काढला आणि काकांच्या मनगटावर ठेवला. हाताला वजन असं नव्हतंच.

"सांगा त्यांना," काकू म्हणाल्या, "सावकाश भांडा म्हणावं. आम्हाला घाई नाही."